एक्केचाळिसाव्या अंकातला फुगा

बाविसाव्या पानावरच्या शेवटच्या फुग्याला सतरा टोकं आहेत. डावीकडून तिसरं टोक बाकीच्यांपेक्षा सव्वा मिलिमीटर आखूड आहे. तिथे निब कागदाच्या धाग्यात अडकली आणि मी हात उचलला होता. रेषेची जाडी खालच्या बाजूला जास्त आहे, कारण मी वरून सुरुवात करते आणि खाली येईपर्यंत हाताचा भार वाढलेला असतो. हे सगळं भिंगातून दिसतं. नुसत्या डोळ्यांनी वाचणाऱ्याला एवढंच कळतं, की बोलणारा माणूस संतापलेला आहे.

चित्रकथेत माणूस काय बोलतो ते लेखक ठरवतो. कसा बोलतो ते फुगा सांगतो. साध्या गोल रेषेचा फुगा म्हणजे नेहमीचा आवाज, तुटक रेषेचा म्हणजे कुजबुज, टोकाटोकांचा म्हणजे ओरडणं. हे फुगे आणि त्यांच्यातली अक्षरं काढणं हे माझं काम. मी वनस्पतिशास्त्र शिकले. प्रयोगवहीत खोडांच्या छेदांना मी नावं द्यायचे ती इतकी एकसारखी असत, की एकदा परीक्षकांनी ती छापून चिकटवलीत की काय म्हणून नखाने खरवडून पाहिली. प्रयोगशाळेत नोकरी मिळाली नाही, ती त्या अक्षरांवर इथे, या चित्रकथांच्या पाक्षिकात मिळाली. कार्यालयात मला सगळे अक्षरबाई म्हणतात.

त्या फुग्यात चारच शब्द आहेत. "मी तुला सोडणार नाही."

बोलणारा काजळ्या. चेहऱ्याला दिव्याची काजळी फासून छपरांवरून हिंडणारा आमच्या पाक्षिकाचा नायक. एक्केचाळिसाव्या अंकाच्या शेवटी तो सहाव्या मजल्याच्या कठड्यावर ओणवा झालेला आहे आणि त्याच्या उजव्या हाताला एक माणूस लोंबकळतो आहे. याच माणसाने गोदामाला आग लावली होती आणि तिच्यात काजळ्याचा भाऊ गेला होता. आता हे वाक्य. आपल्या भाषेत त्याचे दोन अर्थ होतात आणि ते एकमेकांच्या थेट विरुद्ध आहेत. हात सोडणार नाही, तुला पडू देणार नाही. किंवा, तुला जिवंत सोडणार नाही. चित्र दोन्हींना चालण्यासारखं होतं. अर्थ फुग्यावर होता, आणि फुगा माझ्यावर.

या गोष्टीला तेवीस वर्षं झाली.

यंदा काजळ्याचे सगळे अंक एकत्र करून जाडजूड ग्रंथ काढायचं ठरलं. आमची संपादक म्हणजे जुन्या संपादकांची मुलगी. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून शाईच्या बाटल्यांची झाकणं लपवायची, म्हणून अजून मावशी म्हणते. "मावशी, लेखकागणिक काजळ्या कसा बदलत गेला, यावर चार पानं द्या. तुमच्याइतकं कोण सांगणार? लेखक आले नि गेले, सगळ्यांचं बोलणं काढलंत तुम्हीच."

मी आधी तक्ता केला. निबंध मला जमत नाही, तक्ता जमतो.

काजळ्याला जन्म दिला घड्याळजींनी. ते दिवसभर घड्याळं दुरुस्त करायचे आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याच टेबलावर कथा लिहायचे. त्यांचा काजळ्या पानामागे सरासरी अकरा शब्द बोलतो. हात उगारण्याआधी दहा आकडे मोजतो, आणि सहा-सातपर्यंत आला की बहुतेक वेळा हात खाली घेतो. कुत्र्यांना घाबरतो. एक्केचाळीस अंकांत त्याच्या हातून एकही मृत्यू नाही.

दुसरे लेखक वकील. ते खरे वकील नव्हते, एका वकिलाकडे कारकून होते, पण वाद घालण्यात असे तरबेज की नाव चिकटलं ते चिकटलं. त्यांचा काजळ्या पानामागे सव्वीस शब्द बोलतो, समोरच्याचे गुन्हे त्याला वाचून दाखवतो आणि मग शिक्षा देतो. मृत्यू एकोणसाठ. इथे कुत्रे त्याला घाबरतात. खप या काळात दुप्पट झाला. पुढे एका नणंद-भावजयीने मिळून चार वर्षं लिहिलं. त्यांनी काजळ्याला आई दिली. तो पहाटे घरी आला की म्हातारी दारातच म्हणायची, "आधी तोंड धू, मग उशीला टेक. अभ्रे कोण धुणार, तुझा शत्रू?" वाचक हसायचे. पण त्याच म्हातारीला लेकाने एकोणसाठ माणसं मारल्याचं माहीत होतं, आणि ती त्याच्या हातचं पाणी घेत नसे. त्यांच्यानंतर एक जाहिरातवाला आला. त्याने काजळ्याची उंची सहा इंच वाढवली आणि कमरेला चौदा कप्प्यांचा पट्टा दिला. त्या कप्प्यांत काय आहे ते बहुधा त्यालाही ठाऊक नव्हतं.

लेखक बदलला की नायक बदलतोच. एकाच रोपाची पानं सावलीत मोठी आणि उन्हात लहान होतात. त्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण माझ्या तक्त्यात एक्केचाळीस आणि बेचाळीस या दोन अंकांच्या मध्ये जे दिसतं ती वाढ नाही. तिथे कुणीतरी खोड कापून दुसरं कलम बांधलं आहे. आणि नंतरच्या सगळ्यांनी, अगदी त्या म्हातारीनेसुद्धा, त्याच कलमाची फळं खाल्ली.

तो चाकू कुणाच्या हातात होता हे मला माहीत होतं.

त्या वेळी मला नोकरीला लागून सहा महिने होत आले होते. घड्याळजींच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून त्यांनी एक्केचाळिसावा अंक लिहून वकिलांच्या हाती पाठवला. वकील तेव्हा त्यांचे शिष्यच होते. रोज दुपारी डबा घेऊन घड्याळाच्या दुकानात जायचे, दोघं एकत्र जेवायचे. पुढचे एक-दोन अंक शिष्याने लिहावेत असं गुरूनेच सांगितलं होतं. घड्याळजी कागदाच्या एकाच बाजूला लिहीत. शेवटच्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण होता. मी त्याला शाईचा डाग समजले. वाक्य वाचलं, चित्र पाहिलं, आणि माझ्या मनात जो अर्थ आला त्याला शोभेल असा फुगा काढला. अक्षरंही जाड केली.

शुक्रवारी अंक छापून आला. जुने संपादक माझ्या टेबलापाशी आले. ते कधी कुणाची स्तुती करत नसत. त्यांनी बाविसावं पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "अक्षरबाई, अंगावर काटा आला. हा फुगा लोक विसरणार नाहीत."

सोमवारी मी जुने कागद लावून ठेवत होते. तो कागद हातातून उलटा पडला. मागे घड्याळजींच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'शेवटचा फुगा तुटक रेषेचा. अक्षर लहान. तो धीर देतोय. इथे माझा काजळ्या पुरा होतो.'

मी तो कागद पर्समध्ये ठेवला.

आता इथे मला नेमकं बोललं पाहिजे. बाण न ओळखणं ही चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते आणि तिची दुरुस्ती असते. पुढच्या अंकात काजळ्याने त्या माणसाला वर ओढून घेतला असता तर सगळं निस्तरलं असतं. बेचाळिसाव्या अंकाची कथा बुधवारी संध्याकाळी यायची होती. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस होते. त्यातल्या मंगळवारी वकील स्वतः माझ्याकडे आले. अंक त्यांच्या काखेत होता.

"ताई, एक विचारू? हे 'सोडणार नाही' म्हणजे मारणारच ना हा? काकांचा काजळ्या असं करेल असं वाटत नाही हो. पण डोळ्यांना पट्ट्या आहेत त्यांच्या, दवाखान्यात कसं जाऊन विचारू?"

मी म्हणाले, "फुगा तर तसाच आहे."

यात खोटं काही नव्हतं. फुगा तसाच होता. पर्स खुर्चीच्या पाठीला टांगलेली होती आणि त्या महिन्याअखेर मला कायम करणार होते. पण ते कारणसुद्धा मी नंतर शोधलेलं आहे. खरं कारण एवढंच, की अंगावर काटा आला असं मला कुणीतरी म्हटलं होतं.

बेचाळिसाव्या अंकाच्या पहिल्या पानावर तो माणूस रस्त्यावर मरून पडलेला आहे.

घड्याळजींच्या पट्ट्या निघाल्या तेव्हा त्यांनी दोन्ही अंक एकदम वाचले. कागद वकिलांच्या हातून गेला होता, तेव्हा फुगा त्यांनीच बदलायला लावला, गुरू आंधळा झालेला पाहून त्याचा नायक चोरला, असं त्यांनी ठरवलं. कार्यालयात येऊन मूळ कागद मागितला. संपादकांनी मला विचारलं. मी म्हणाले, "फाइलीत नाही." हेही खरंच होतं. घड्याळजींनी लिहिणं सोडलं. दुकानासमोरून वकील जाताना दिसले की ते शटर ओढून घेत. मग वकिलांनी त्या रस्त्याने जाणंच बंद केलं.

इतकं सगळं तक्त्यात मांडता येत नाही. तिथे मी फक्त लिहिलं: 'बदल. अंक ४२.'

गेल्या महिन्यात संपादक धावत आली. "मावशी, घोळ झालाय. घड्याळजी ग्रंथाच्या परवानगीची सही देत नाहीत. म्हणतात, फुगा कुणी बदलला ते पहिल्या पानावर छापा, मग देतो. आणि गंमत म्हणजे वकील तयार आहेत!"

"कशाला तयार आहेत?"

"कबुली द्यायला. पहिल्या पानावर, तुमच्या अक्षरात, मोठ्या चौकटीत. छान दिसेल नाही?"

त्याच दुपारी वकील आले. आता ते साठीचे झालेत, केस गेलेत, बोलणं तेच. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले. "बोला ताई, गुन्हेगाराची जबानी कोणत्या शाईत लिहिणार? लाल चालेल मला."

"पण तुम्ही ते केलं नाही ना?" मी विचारलं.

"ताई, म्हातारा एक्क्याऐंशीचा झालाय. एका ओळीचा प्रश्न आहे. माझं काय जातंय?"

"केलं होतंत का?"

त्यांनी माझी शाईची एक बाटली जवळ ओढली. "तेवीस वर्षं एक माणूस छातीठोकपणे सांगतोय की तूच केलंस. तोही असा, की ज्याचं घड्याळ कधी चुकलं नाही. आता मलाच वाटतं, केलंही असेल. कागद देताना तुम्हाला काहीतरी म्हणालो असेन. म्हणालो होतो का हो?"

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

याआधीची माझी सगळी वाक्यं खरी होती. हे पहिलं खोटं.

घरी गेल्यावर भाजी चिरताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यांचं औषधांचं दुकान आहे. त्यांनी काजळ्या कधी वाचलेला नाही. त्यांच्या मते तोंडाला काजळी फासणाऱ्याला त्वचेचे विकार होतात.

"म्हणजे खून झाला तो कागदावरच्या माणसाचा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग पोलीस येत नाहीत. आणि कबुली द्यायला दुसरा तयार आहे. आता कशाला राखेत फुंकर मारतेस? उडून तुझ्याच डोळ्यांत जायची."

मी चिरलेली भाजी सुरीने ताटात लोटली. मग म्हणाले, "तुमच्या हातून कधी चुकीची गोळी गेली असेल ना?"

"दोनदा."

"मग काय केलंत?"

"काय करणार? धावलो मागे. एकदा तर चपला दुकानातच राहिल्या. चौकात गाठलं बाईला, ती समजली मी पिशवी ओढायला आलोय. दोन ठेवून दिल्या मला." ते हसले आणि माझ्याकडे पाहून थांबले. आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "तुझी गिऱ्हाइकं जिवंत आहेत का?"

"दोघंही."

त्यांनी हात धुतले. माझ्या हातातून सुरी घेतली आणि उरलेली भाजी त्यांनीच चिरली, अगदी वेडीवाकडी.

दुसऱ्या दिवशी मी बोलणार होते. बोलले नाही. त्यानंतरही नाही. रोज सकाळी वाक्य तयार करायचे आणि संध्याकाळी ते तसंच घेऊन परत यायचे. जिन्यात त्याची उजळणी करताना मला शेजारच्या बाईंनी दोनदा ऐकलं. त्यांना वाटतं मी नाटकात काम करते.

काल अकरा वाजता सगळे जमले. घड्याळजी मुलीच्या हाताला धरून आले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून आधी म्हणाले, "चार मिनिटं मागे आहे." मग बसले. वकील उठून उभे राहिले होते.

"बसायला सांगा त्याला," घड्याळजी संपादकांना म्हणाले. "उभा राहून काही मोठा होत नाही माणूस."

"उंची वाढायचं वय गेलं काका," वकील म्हणाले आणि बसले.

संपादकांनी चहा मागवला, हवापाण्याचं बोलून पाहिलं. घड्याळजींनी हात वर केला. "लिहायचं ते माझ्यासमोर लिहा. मागच्या वेळी कागद मध्येच कुणाच्या तरी हातात गेला होता." मग माझ्याकडे वळून सौम्यपणे म्हणाले, "तुम्हाला नाही म्हणत, अक्षरबाई. तुम्ही दिलं तसं उतरवता. तुमचा काय दोष?"

मी फळी मांडीवर घेतली, चौकट आखली, निब बुडवली.

वकील सांगू लागले. अगदी कोर्टातला कारकून सांगतो तसं, एकेक तुकडा. "एक्केचाळिसाव्या अंकाचा शेवटचा फुगा. स्वल्पविराम, ताई. मूळ लेखकाच्या सूचनेप्रमाणे न काढता. तो मी बदलायला लावला."

"'सूचना माहीत असूनही' घाला," घड्याळजी मला म्हणाले.

वकिलांनी मान खाली घातली. "घाला ताई. 'माहीत असूनही'."

मी 'सूचना' लिहिलं. 'माहीत'मधला 'मा' काढला. हात स्थिर होता, याची मला लाज वाटते.

"तू दुपारी डबा घेऊन यायचास," घड्याळजी एकाएकी बोलले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा ते थेट वकिलांशी बोलत होते. "पट्ट्या निघाल्या त्यानंतर आठ दिवस मी माझा डबा उघडला नाही. म्हटलं येईल लेकाचा. येईल आणि म्हणेल, काका, चुकलं. मी शिव्या दिल्या असत्या. मग जेवलो असतो आपण."

"आलो असतो काका," वकील म्हणाले. "पण मी तर काही—" आणि त्यांनी तोंड मिटलं.

"काही काय?"

"काही नाही. तुमचं बरोबर आहे. ताई, पुढे लिहा ना, थांबलात का?"

त्यांचा चेहरा मी पाहिला. जे केलं नाही ते कबूल करायचं ठरवलेल्या माणसाला खरं बोलायची सवय मध्येच आडवी आली होती, आणि तो ती गिळत होता. घड्याळजींनाही काहीतरी जाणवलं असावं. ते पुढे झुकून त्याच्याकडे निरखून पाहत होते, बंद पडलेल्या घड्याळाचं झाकण काढल्यावर पाहावं तसे.

मी निब पुसली. फळी टेबलावर ठेवली. चौकटीतली शाई अजून ओली होती; तिच्यावर मी तळहात टेकला आणि सगळं पुसून टाकलं. संपादक "अहो मावशी!" म्हणून ओरडली.

"हे मी लिहिणार नाही," मी म्हणाले. "हे खोटं आहे. यांनी काही बदलायला लावलं नाही, यांना काही माहीतच नव्हतं. तुमची सूचना कागदाच्या मागे होती. मी कागद उलटला नाही आणि फुगा माझ्या मनाने काढला. सोमवारी सूचना वाचली. मंगळवारी यांनी मला विचारलं, तेव्हा मी सांगितलं नाही. बुधवारीही नाही. तुम्ही कागद मागायला आलात तेव्हा तो माझ्या घरी होता, आत्ता या पर्समध्ये आहे. पहिल्या पानावर हे छापायचं. मीच लिहीन, आणि खाली सही माझी असेल."